मूंड़ भारी है

आज सकाळी पाइप पुन्हा हातात घेतला आणि कानस उचलली. पलीकडे लष्कराच्या रेंजवर गोळीबार चालू होता. झाशीजवळच्या बबीन्यात राहायचं तर तावदानांचं थरथरणं अंगवळणी पडतं, पण कानस चालवताना मात्र प्रत्येक धमाक्याला हात आपोआप थांबतो.

मी तंबाखू ओढत नाही. वडिलांचा खोकला ऐकत मोठा झालो, त्यामुळे ती वाट लहानपणीच बंद झाली. पाइपचा नाद लागला तो शेजारच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचा मोडका पाइप दुरुस्तीला आला तेव्हापासून. तळहाताएवढी वस्तू, पण तिच्यात भोकं, जोड, उतार, वजन या सगळ्यांचं एकमेकांशी पटावं लागतं. मग मी स्वतःच एक घडवायला घेतला. लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, ती तासन् तास उकळून महिनोन् महिने वाळवतात, तेव्हा कुठे ती आगीला दाद देत नाही. इथल्या शिसवीत हा गुण नाही. फ्रान्सच्या सँ-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकात याच गाठीवर आपला धंदा उभा केला.

आकार निवडला बिलियर्ड, सगळ्यांत साधा. वाटीची उंची जेवढी, तेवढीच दांडीची लांबी. वाटीचं भोक 19 मिलिमीटर, धुराची वाट 4 मिलिमीटर. कागदावर सगळं जमलं होतं. पाइप तयार झाला आणि बघणाऱ्याची नजर त्याच्यावर ठरेना. कुठे चुकलं ते मलाही सांगता येईना.

तो पाइप खिशात घालून मी कुंभाराकडे गेलो होतो, माठ आणायला. चाकावर मातीचा मोठा गोळा आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलमी निघत होत्या. दोन बोटं आत, अंगठा बाहेर, एक दाब, दोऱ्याने कापली की बाजूला. मोजपट्टी कुठेच नाही. वाळताना आणि आव्यात भाजताना माती साधारण दहाव्या हिश्शाने आटते. तेवढी वाढ कुंभाराच्या बोटांत आधीच धरलेली असते. मी पाइप पुढे केला. त्यांनी तो दांडीवर दोन बोटांत तोलला. वाटी लगेच खाली झुकली. म्हणाले, "मूंड़ भारी है, भैया."

डोकं जड आहे. एवढंच.

घरी येऊन तराजूवर ठेवला. 70 ग्रॅम भरला. दातांत धरायचा पाइप पन्नास ग्रॅमच्या आत असावा, हे मला ठाऊक होतं. तरी वाटीची भिंत मी जाड ठेवली होती, कारण लाकूड एकदा गेलं की परत येत नाही आणि माझा हात त्या भीतीने आखडता राहिला होता. धुराची वाटही वाटीच्या बरोबर तळाशी उघडायला हवी. माझी केसभर वर उघडली होती. म्हणजे तळाला ओला गाळ साचणार, ओढताना गुडगुड होणार.

असद बेगची गोष्ट मला अशा वेळी आठवते. अकबराने त्याला विजापूरला पाठवलं होतं. तिथे त्याला तंबाखू मिळाली आणि 1604 च्या सुमारास तो ती नळीसकट दरबारात घेऊन आला. तीन हात लांबीची नळी सुमात्रातल्या आचेची, तोंडाशी धरायचा अंडाकृती अकीक येमेनचा, तंबाखू पेटवायचं भांडं सोन्याचं. तीन वेगवेगळ्या वस्तू. हकिमांनी तंबाखूला तेव्हाच हरकत घेतली होती, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण मला त्या जोडांचं वाटतं. तीन हातांची ती नळी अकिकाच्या वजनाने एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून कुणीतरी रात्र रात्र बसून तोल साधला असेल. त्या कारागिराचं नाव असद बेगने लिहिलं नाही.

त्या दिवशी माठ घेऊन निघताना कुंभाराला विचारलं होतं की चिलमीत खडा घालतात, तो कुठल्या मापाचा हे तुम्हाला कसं कळतं? त्यांनी एक कच्ची चिलीम उजेडात आडवी धरून दाखवली. आतला उतार वरून खाली सलग निमुळता. खडा मोठा असेल तर वर अडकेल, लहान असेल तर खाली. दोन्हीकडे बाजूने हवा जायला जागा उरते. घेणारा कोण आणि तो खडा कुठून उचलील हे ठाऊक नसताना त्याच्यासाठी ठेवलेली ती जागा मी बराच वेळ बघत राहिलो.

दुसऱ्या ठोकळ्यावर धुराची वाट आधी पाडली, वाटी नंतर कोरली, म्हणजे तळ चुकायला नको. बाहेरचा आकारही पुन्हा तोच, बिलियर्ड. तो नीट जमेपर्यंत दुसरा आकार घ्यायचा नाही असं ठरवलं आहे. दर दहा-बारा घासांनी थांबून दांडीवर दोन बोटांत तोलतो. अजून झुकतो, पण आता हळू झुकतो.

आज डाव्या अंगाने दोन मिलिमीटर काढले. उजवं अंग उद्या, रेंज शांत असेल तर.