अक्षय निधि आणि दहावा माणूस

पुण्याच्या कॅम्पांत तांबड्या विटांचें, उंच मनोऱ्याचें एक मंदिर आहे. पुणेकर त्यास 'लाल देऊळ' म्हणतात. वस्तुतः तें यहुद्यांचें प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग आहे. बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनीं तें बांधावयास घेतलें. ते १८६४ सालीं वारले आणि मंदिर १८६७ सालीं पुरें झालें. त्यांची कबर त्याच आवारांत आहे. मुंबईंतील बेने इस्रायलांचें पहिलें सिनेगॉग याहून जुनें. तें सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं उभारलें. त्यास लोक 'जुनी मशीद' म्हणत, आणि मशीद स्टेशनचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. एकाच धर्माच्या मंदिरास कोणी देऊळ म्हणावें, कोणी मशीद, ही मौज खरी. पण आमचा प्रश्न निराळा आहे. अशा वास्तूच्या पुढील शंभर वर्षांची तरतूद आज करून ठेवणें, मुद्दलास हात न लावतां व्याजावर दिवाबत्ती, डागडुजी व हझानाचा पगार चालेल अशी ठेव ठेवणें, यांत पुण्य कितपत आहे?

हें दान दिसावयास निरहंकारी खरें. भुकेल्यास भाकर दिली म्हणजे त्याचा तृप्त चेहरा तरी दिसतो. अक्षय निधीच्या दात्यास घेणाऱ्याचा चेहरा कधींच दिसत नाहीं. तथापि या निरहंकाराच्या पोटीं एक सूक्ष्म अहंकारहि असूं शकतो. आपण गेल्यावरहि आपली आज्ञा चालावी, ही ती इच्छा! नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्यानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविले: दोन हजार दरमहा शेंकडा एक दरानें, एक हजार पाऊण दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं. व्याजांतून भिक्षूंस वस्त्रें पुरवावयाचीं. व्याजाचा दर त्या दगडावर अजून वाचतां येतो. कोष्ट्यांच्या त्या श्रेणी आज नाहींत, आणि वस्त्रें घ्यावयास भिक्षूहि नाहींत.

सिनेगॉगच्या बाबतींत ही अडचण फारच स्पष्टपणें पुढें येते. परंपरेप्रमाणें सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. नऊ जमले तर कांहीं प्रार्थना म्हणतांच येत नाहींत, मग भिंती संगमरवरी असोत कीं मातीच्या. १९५१ च्या जनगणनेंत या देशांत सुमारें २६ हजार यहुदी होते. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें, कुटुंबेंच्या कुटुंबें तिकडे गेलीं, आणि आज सारे मिळून कांहीं हजारच उरले आहेत. कोंकणांतील अनेक लहान गांवीं आतां उणीव असते ती दहाव्या माणसाची. तो कोणत्या व्याजांतून आणावयाचा?

यहुदी धर्मशास्त्रानें या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मिश्नेंत 'मोठें गांव' कशास म्हणावें हें सांगितलें आहे: जेथें दहा रिकामे पुरुष आहेत तें. हे दहाजण प्रार्थनेस सदैव हजर असावेत म्हणून समाजानें त्यांचा निर्वाह चालवावा, असा अर्थ टीकाकार करतात. आळशांस पोसण्याचा निधि म्हणून आपणांस हंसूं येईल. पण विटांपेक्षां माणसांवर पैसा ठेवणारा हा विचार आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याच ग्रंथांत दुसरा नियम आहे. गांवचा चौक विकला तर त्या पैशांतून सिनेगॉग घ्यावें. सिनेगॉग विकलें तर धर्मग्रंथांची पेटी घ्यावी. याच क्रमानें वर चढत शेवटीं तोरेच्या गुंडाळीपर्यंत जावें. उलट क्रम चालत नाहीं. म्हणजे वास्तु ही खालचीच पायरी ठरली. सबब 'याच भिंती राखाव्या' असें बजावणाऱ्या दानपत्रापेक्षां 'ज्यासाठीं या भिंती उभ्या केल्या तें राखावें' असें सांगून विश्वस्तांचे हात मोकळे ठेवणारें दानपत्र आम्ही श्रेष्ठ मानतों.

दुसरी एक भीति आहे. तोरा-वाचनाच्या वेळीं ज्यास मान मिळतो तो गृहस्थ कांहीं देणगी बोलतो. सगळाच खर्च व्याजांत भागूं लागला तर वर्गणीसाठीं दारीं येणारा माणूसहि यावयाचा थांबतो, आणि 'गेल्या शब्बाथला कां दिसलां नाहींत?' असें विचारणारा तोच असतो! निधि इतका असावा कीं छप्पर गळूं नये. पण कोणाचीच गरज पडूं नये इतका तो नसावा.

मुंबईच्या फोर्टांतील केनेसेथ एलियाहू हें सिनेगॉग जेकब ससून यांनीं वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ सालीं बांधलें. त्याचा जीर्णोद्धार २०१९ सालीं पुरा झाला, आणि त्यांतील मोठा वाटा यहुदी नसलेल्या दात्यांनीं उचलला. असे दाते पुढें मिळतील हें बांधणाऱ्यास त्या काळीं सुचलें तरी असतें काय? आंतील रंगीत कांचा आतां पुन्हा उजळल्या आहेत. दहांचा प्रश्न मात्र प्रत्येक प्रार्थनेच्या वेळीं नव्यानें उभा राहतो. माणसें आंकड्यांनीं मोजूं नयेत असा यहुद्यांचा संकेत आहे. म्हणून दहा शब्दांचें एक वचन म्हणत, एकेका माणसास एकेक शब्द देत, शेवटच्या शब्दास माणूस मिळतो कीं नाहीं तें पाहतात.