दगड कोणाच्या अंगावर पडणार?

माझ्या बाबांच्या खिशात मी कधी काडीपेटी पाहिली नाही. ते चांदा आयुध निर्माणीत कामाला होते. भद्रावतीच्या या कारखान्यात दारूगोळा तयार होतो. बिडी-काडी गेटवरच काढून ठेवायची आणि मगच आत जायचं. ही सवय बाबांच्या अंगात इतकी भिनली होती की रविवारीही घराबाहेर पडताना ते दोन्ही खिसे चाचपायचे. देवापुढे दिवा लावायचा झाला तर आई म्हणायची, "तुमी सरका बाप्पा, तुमच्यानं काडी ओढनं होत नाही."

माझ्या ओळखीतला सगळ्यात सावध माणूस तोफगोळे भरत होता. लहानपणी यात मला काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते पन्नाशी ओलांडल्यावर, शाळेतल्या मुलांसाठी दगडफेकी यंत्रांची स्पर्धा भरवताना.

आमचं गाव तसं चमत्कारिकच. एका बाजूला पार्श्वनाथांचं मंदिर आहे, देशभरातून जैन यात्रेकरू तिथे येतात. गावालगतच्या टेकडीत विजासनची बौद्ध लेणी आहेत. अंधाऱ्या बोळातून चालत गेलं की टोकाला बुद्धाची मोठी मूर्ती बसलेली दिसते. आणि दारूगोळ्याचा कारखानाही इथेच. अहिंसा शिकवणारे दोघे आणि तोफगोळा, सगळ्यांचं गाव एक. मी इथेच वाढले, इथेच विज्ञान शिकवते. या तिघांना एका प्रश्नात बांधायची वेळ माझ्यावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुण्याकडे बेचकी म्हणतात ती आमच्याकडे गुलेल. झाडाचं बेचकं, सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, चामड्याचा तुकडा. पोरं तिनं चिंचा पाडतात, आणि मास्तरांची पाठ वळली की पाखरंही. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा शिकवताना मला वाटलं, एवढी हौस आहे तर गुलेलीचा थोरला भाऊ बनवू द्यावा. गटागटानं यंत्र करा, ज्याचा गोटा लांब जाईल तो जिंकला. नियम तेवढाच.

पहिल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एका गटानं बांबूच्या दांडीत खिळा ठोकला होता. बांबूचे धागे उभे असतात. खिळा गेला की तो त्याच रेषेत तडकतो. रबर ताणलं, दांडी फाटली आणि तिची कपची एका मुलाच्या भुवईवर बसली. दोन टाके पडले. पोरगं मलाच समजावत होतं, "डोरा वाचला जी मॅडम." तो खिळा मी सकाळी बघितला होता. बघितला आणि पुढच्या गटाकडे गेले.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. पहिला नंबर आला त्या यंत्राला बेअरिंग होतं, लोखंडी आस होता, वर्कशॉपमध्ये करून आणलेला. वसतिगृहातल्या मुलींनी बांबू आणि जुन्या ट्यूबवर काम भागवलं होतं, त्या शेवटच्या आल्या. बक्षीस मीच दिलं, टाळ्याही मीच वाजवल्या. रात्री विचार केला, मी नक्की कशाला बक्षीस दिलं?

हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी रांगोळी ठेवा." शेजारच्या काकू रोज पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातात. त्या म्हणाल्या, "दगड फेकायचं यंत्र? ते तर कोणिकानं केलं होतं. पोरांना कशाला शिकवते?"

हा कोणिक म्हणजे मगधाचा अजातशत्रू. त्यानं वैशालीवर, म्हणजे स्वतःच्या आजोबांवर, चेटक राजावर, चाल केली. जैन परंपरा सांगते की कारण एका हत्तीचं आणि एका अठरापदरी हाराचं होतं. जैनांच्या भगवतीसूत्रात या युद्धाबद्दल महावीरांचा शिष्य गौतम त्यांना प्रश्न विचारतो. त्यात एका लढाईचं नाव आहे महाशिलाकंटक. मोठमोठ्या शिळा फेकणारं यंत्र तिथे वापरलं गेलं असावं, असा अर्थ इतिहासकार काढतात. सूत्र मात्र नावाचं कारण वेगळंच देतं. त्या लढाईत गवताची काडी लागो, पान लागो की खडा, ज्याला लागलं त्याला वाटलं आपल्यावर शिळा कोसळली. मेलेल्यांचा आकडा दिलाय चौऱ्यांशी लाख. लढाईत मरणारा प्रत्येक जण स्वर्गात जातो हा समजही महावीर तिथेच मोडून काढतात.

काडीची शिळा कशी होते? मी वही काढली. २ किलो वाळूची पिशवी अर्धा मीटर खाली आली तर साधारण १० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळीच्या सगळी ५० ग्रॅमच्या चेंडूला मिळाली तर चेंडूचा वेग तासाला ७० किलोमीटरच्या घरात जातो. ५० ग्रॅम म्हणजे एक लहानसा कांदा. तो त्या वेगानं कपाळावर आला तर कांदा राहत नाही. महाशिलाकंटकाचा अर्थ मला माझ्यापुरता त्या रात्री कळला.

त्याच हिशोबात एक दिलासाही होता. एवढ्या ऊर्जेत तो चेंडू फार तर ४० मीटर जाईल, आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी, कारण दांडी, दोरी, घर्षण सगळे आपापला वाटा खातात. रबर किती ताणलं याचा अंदाज पोराच्या दंडावर आणि ईर्षेवर असतो. वजनाला मात्र वरची मर्यादा असते, ती आधी मोजता येते. म्हणून रबर बंद केलं. सी-सॉसारखी आडवी दांडी, आखूड टोकाला वाळूची पिशवी, लांब टोकाला गोफण. पिशवी खाली, गोफण वर. गुरुत्व वर्कशॉपवाल्याच्या मुलालाही तेवढंच मिळतं.

काकूंनी मला आणखी एक शब्द दिला. जैन साधूंच्या आचारात पाच समिती आहेत. समिती म्हणजे सावध वागणूक. चालताना पायाखाली बघणं ही इर्यासमिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघणं ही आदाननिक्षेपण समिती. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना जीव जाण्याच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवला. पुढच्या आचार्यांनी तर म्हटलं की जपून चालणाऱ्याच्या पायाखाली किडा मेला तरी तो हिंसक नाही, आणि बेफिकीर चालणारा एकही किडा न मारता हिंसक आहे. विजासनच्या बुद्धाचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. पोराचा डोळा वाचला, तरी खिळा बघून पुढे गेले त्या क्षणी माझ्या हातून हिंसा झाली होती. टाके दोनच पडले हा निव्वळ योगायोग.

इतकं समजल्यावर सुरक्षेचे नियम मला ऑफिसचे कागद वाटेनात. बांबूला खिळा नाही, दोरीची गाठ. आदल्या दिवशी दुप्पट वजन टांगून दांडी तपासायची. गोट्याऐवजी चिंध्यांचा शिवलेला चेंडू. डोळ्यांवर सुताराचा गॉगल. दांडी अडवून धरणारी खीळ ओढायची ती ५ मीटर सुतळीनं, बाजूला उभं राहून. यंत्राच्या पुढे कुणी नाही आणि मागेही नाही, कारण गोफण चुकीच्या वेळी सुटली तर चेंडू मागेही येतो. समोर ६० मीटर मोकळं पटांगण.

यादी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी गॉगलच्या काचा तपासायला सांगितलं आणि मान डोलावली. आणि तिथेच मला खटकलं. ही सगळी शिस्त त्यांनी चाळीस वर्षं पाळली होती. बेसावधपणा हीच हिंसा असेल तर बाबांइतका अहिंसक माणूस भद्रावतीत दुसरा नव्हता. कोणिकाच्या यंत्रावरचे कारागीरही काळजीनंच काम करत असणार, नाहीतर शिळा त्यांच्याच डोक्यात पडली असती. मग सावधपणात कमी काय पडतं?

याच युद्धाची आठवण बौद्धांनीही जपली आहे, पण वेगळ्या टोकाकडून. महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवातच अशी होते: अजातशत्रूनं वस्सकार नावाच्या मंत्र्याला बुद्धाकडे पाठवलं, वैशालीच्या वज्जींना जिंकता येईल का हे विचारायला. बुद्धानं त्याला सरळ उत्तर दिलं नाही. आनंदाला एकेक प्रश्न विचारत गेले. वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकत्र बसतात, एकत्र उठतात का? वडीलधाऱ्यांचं ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती तर करत नाहीत ना? जोवर हे आहे तोवर त्यांचा ऱ्हास नाही. वस्सकार हुशार होता. तो म्हणाला, म्हणजे लढून उपयोग नाही, आधी त्यांच्यात फूट पाडायला हवी. जैनांनी या युद्धातलं यंत्र लक्षात ठेवलं. बौद्धांनी लक्षात ठेवली सभा, आणि ती मोडली की काय होतं ते.

मराठीत आपण समिती म्हणतो ते एकत्र बसण्याला. काकूंची समिती वेगळी. मला दोन्ही हव्या होत्या, आणि एकत्र बसणारी समिती कशी चालते हे बघायला फार लांब जायचं नव्हतं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार. पण मला भावतं ते त्याआधीपासूनचं: तिथे ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही. सगळे राजी होईपर्यंत बोलत राहायचं. एकाचं मन अडलं असेल तर विषय पुढच्या सभेला.

मी वर्गाला म्हटलं, नियम तुम्ही करा, पण मेंढा-लेखासारखे. हात वर करून मतं नाहीत. तीन तास गेले, म्हणजे शाळेचे तीन तास. सगळ्यांना सारखं सामान द्यायचं हे पाच मिनिटांत ठरलं. चौकट सागाची घ्यायची असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. वसतिगृहातला एक मुलगा गप्प होता. टेकाम कुळातला. गोंडीत टेका म्हणजे साग. त्याची आजी म्हणते, साग आपला आहे, त्याला आपण तोडायचं नाही. एकानं सुचवलं, त्याला सूट देऊ, तो एकटा बांबू वापरेल. दुसरा म्हणाला, मग त्याचं यंत्र हलकं होईल, हे बरोबर नाही. शेवटी सगळ्यांनीच बांबू घेतला. एकाच्या मनाला लागू नये म्हणून एकोणचाळीस जणांनी साग सोडला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बहुमत झालं असतं तर तो मुलगा सुट्टी घेऊन घरी बसला असता.

बांबू तरी सारखा कुठे असतो? कुणाच्या पेरांत अंतर जास्त, कुठे भुंग्यानं भोक पाडलेलं. त्यावर त्यांनीच तोड काढली: जो गट ढीग पाडेल त्यानं सगळ्यात शेवटी निवडायचं. ढीग इतके सारखे पडले की तराजूची गरज लागली नाही. लांब फेकीची शर्यतही त्यांनी रद्द केली. १५ मीटरवर रिंगण, पाच फेका, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट सोडून उरलेल्या तीन फेकांची सरासरी.

सगळं ठरलं असं वाटत असताना मागच्या बाकावरची मुलगी उठली. मागच्या वर्षी शेवटच्या आलेल्या गटातली. "मॅडम, गोटा ज्याच्या आंगावर पडनार हाय, त्याले कोनी विचारलं का?"

पोरं हसली. कारण अंगावर पडणार कुणाच्याच नव्हता, चेंडू रिंगणात पडणार होता. पण रिंगणाशी फीत घेऊन मोजणारा असतो. तो तिकडे वाकलेला असताना इकडे खीळ ओढायची की नाही हे आतापर्यंत यंत्रापाशी उभा असलेला ठरवत होता. तिचं म्हणणं असं की ते पलीकडच्यानं ठरवावं. रिंगणापाशी दोघं जण हिरवी झेंडी घेऊन बाजूला उभे राहतील. झेंडी वर गेल्याशिवाय खीळ हलणार नाही. आणि प्रत्येक गटाला आळीपाळीनं त्या टोकाला उभं राहावं लागेल. म्हणजे दुपारी जो फेकणार तो सकाळी तिकडे उभा राहिलेला असेल.

माझ्या यादीतला एकही नियम असा नव्हता. माझे सगळे नियम फेकणाऱ्याला सांगत होते की जप. हा नियम फेकणाऱ्याच्या हातून हक्कच काढून घेत होता. सुरक्षा आणि न्याय या दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत असं मी समजत होते. त्या झेंडीत त्या एकाच काठीला बांधलेल्या निघाल्या.

जानेवारीत स्पर्धा झाली. एक चेंडू मागे आला, कुणी नव्हतं तिथे. एकदा झेंडी बराच वेळ वर गेली नाही. एक कुत्रं रिंगणात येऊन बसलं होतं. सगळं पटांगण त्या कुत्र्यासाठी थांबलं. भुवईवर व्रण असलेला मुलगा सुतळी धरून उभा होता, आणि त्याला घाई नव्हती.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. पुन्हा सांगावं लागलं. झेंडीचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोनाच्या हाती होती?"

"ज्या बाजूला पडतो, त्यांच्या."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या कामात तिकडून झेंडी नाही आली, माय." आणि सवयीनं दोन्ही खिसे चाचपून पाहिले.