इतर मासे

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा बाबांनी मच्छीमार सोसायटीची जुनी रजिस्टरं माझ्यापुढे ठेवली. "तू कम्प्युटरवाला ना, हे सगळं एक्सेलात टाकून दे." सोसायटीचं ऑडिट होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, दिवसभर दुसऱ्यांचा डेटाच इकडून तिकडे करतो. दोन दिवसांचं काम, म्हणून बसलो.

रजिस्टरात तारीख, नाव, आणि किलोचे चार रकाने होते: कटला, रोहू, मिरगल, इतर. सुरुवातीच्या वह्यांमध्ये 'इतर'चा आकडा बाकी तिघांच्या बरोबरीने चालतो. मग तो खाली येतो. शेवटच्या काही वह्यांमध्ये त्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. ती रेघ एक्सेलमध्ये शून्य म्हणून भरायची की रिकामी सोडायची, एवढाच माझा प्रश्न होता. डेटाबेसच्या कामात या दोन गोष्टी वेगळ्या असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही मिळालं नाही. रिकामं म्हणजे कुणी मोजलंच नाही.

'इतर' म्हणजे नेमके कोणते मासे, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तुझा आजा असता तं सांगतला असता."

आम्ही ढिवर. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला आमचं गाव. गावाला एक मामा तलाव आहे. या नावाचा आईच्या भावाशी संबंध नाही, ते 'माजी मालगुजारी'चं लघुरूप आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते धानासाठी बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि मासेमारीचा ठेका सोसायट्यांकडे. पाणी धानाचं, मासे ढिवरांचे, अशी साधारण वाटणी.

तलावात पूर्वी कुणी मासे 'टाकत' नसे. पहिल्या मोठ्या पावसात सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी वाहू लागलं की मासे उलट्या धारेने वर चढत. धानाच्या बांध्यांमध्ये अंडी घालत आणि पाण्याबरोबर परत येत. मरळ, मागूर, शिंगी, वाम आणि बोटभर लांबीचे कितीतरी. कटला-रोहूचं बीज मात्र बाहेरून येतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. तोवर बीज नदीतूनच गोळा करावं लागे, नंतर ते हॅचरीत तयार होऊ लागलं. आज तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि पाळावाच असा आहे. कितीतरी घरांच्या ताटात मासा त्यामुळे आला.

पण बीज टाकायचं तर तलाव आधी 'साफ' करावा लागतो. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत आधीपासून असलेल्या माशांचे दोन वर्ग असतात: बीज खाणारे ते भक्षक मासे, आणि बीजाचं अन्न खाणारे ते तण मासे. दोन्ही काढायचे. त्यासाठी मोहाची पेंड वापरतात. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे माशाच्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि तो मरतो. काही दिवसांनी विष उतरतं आणि तीच पेंड पाण्याला खत होते. हिशेबाच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नाही.

आमच्या सोसायटीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी शाळेत होतो. मे महिना होता, तलावाचं डबकं झालं होतं. पेंड टाकल्यावर पाण्यावर मासेच मासे तरंगले. आम्हा पोरांना तर जत्राच वाटली. आजा मात्र बांधावर बसून होता. ठरावावर त्याचाही अंगठा होता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मासा मेला तं दुसरा येते. बीजच मेलं तं कुठून येईल?"

पुढची काही वर्षं उत्पन्न चांगलं आलं. त्याच पैशातून माझी इंजिनीअरिंगची पहिल्या वर्षाची फी गेली. म्हणजे 'इतर'च्या रकान्यातली ती आडवी रेघ आणि माझी डिग्री ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. हे कळल्यापासून मी स्वतःला विचारतोय, की यात काही चुकलं का? आणि चुकलं असेल तर नेमकं काय?

पहिलं उत्तर उपयोगाचं. छोटे मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यातून कॅल्शियम मिळतं. मागूर आणि मरळ हवेतून श्वास घेतात, पाणी आटलं तरी तग धरतात. एका हंगामात बीज गेलं तर देशी मासे हाताशी असतात. सगळं खरं आहे. पण या उत्तराने फक्त हिशेब दुरुस्त होतो. उद्या कॅल्शियमची गोळी स्वस्त झाली, की मरळ पुन्हा तण.

दुसरं उत्तर जीवदयेचं. माशालाही जगण्याचा हक्क आहे. हे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आमच्या घरात रोज मासा मेला म्हणून आम्ही जगलो. आजाने आयुष्यभरात मारलेल्या माशांची गणती नाही आणि तो वाईट माणूस नव्हता.

तिसरा प्रश्न जास्त बोचरा आहे: हे विचारणारा मी कोण? आमच्या जिल्ह्यातल्या ताडोब्याला वाघ बघायला जगभरातून लोक येतात. जंगल राखण्याची किंमत कोण मोजतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आता पुण्यात पगार घेणाऱ्या पोराने गावाला सांगायचं, की मरळ जपा, चार पैसे कमी कमवा?

मी अडलो होतो तेव्हा दोन आठवणी उपयोगी पडल्या. एक मेंढा (लेखा) गावाची. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात कठाणी नदीकाठचं हे गोंड गाव सामूहिक वनहक्कासाठी प्रसिद्ध आहे. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा हक्क त्यांना मिळाला. पण त्याच्या बरंच आधी या गावाने अभ्यासगट करून नदीतल्या माशांचा विचार केला आणि विष टाकून मासे धरणं सोडलं. ते मासे खातच राहिले, बंद झाली ती एक पद्धत. आणि ती बाहेरच्या कुणी बंद केली नाही. जे नदीवर जगत होते त्यांनी सर्वसहमतीने केली.

दुसरी आठवण आजाचीच. मरळीची पिल्लं लालसर असतात, थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. अशा वेळी मरळ धरणं अगदी सोपं, कारण ती पिल्लं सोडून पळत नाही. आजा तेव्हा जाळं टाकत नसे. त्यामागे दया होती असं मला वाटत नाही. तीच मरळ दोन महिन्यांनी त्याने खुशाल मारली असती.

मला वाटतं फरक इथे आहे. मासा मारणं आणि मासा संपवणं या एकाच कृत्याच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नाहीत. मारणाऱ्याचा माशाशी व्यवहार चालू राहतो. संपवणारा तो व्यवहारच मोडतो, आणि तो फक्त स्वतःपुरता मोडत नाही, पुढे येणाऱ्या सगळ्यांच्या वतीने मोडतो. आमच्या ठरावावर अंगठे होते ते हयात माणसांचे. ज्यांना अजून जन्मायचंय त्यांचा प्रश्न आम्ही परस्पर निकालात काढला. आजाच्या मनात 'बीज' या शब्दाने हेच टोचत असावं.

आमचा तलाव म्हणजे जग नाही. मरळ अजून आहे, दुसऱ्या तलावांत आहे. पण जगातही असंच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. २०२५च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार गोड्या पाण्यातल्या माशांच्या सुमारे २६ टक्के जाती धोक्यात आहेत. आपला देशी मागूर आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे. व्हिक्टोरिया सरोवरात विसाव्या शतकाच्या मध्यावर नाईल पर्च सोडला. त्याने हजारो लोकांना रोजगार दिला आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या अनेक जाती गिळल्या. यांगत्से नदीतला पॅडलफिश २०२२मध्ये नामशेष जाहीर झाला. त्याला संपवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. १९८१मध्ये गेझौबा धरणाने त्याची वाट अडली, वर्षं गेली, आणि २००३नंतर तो कुणाला दिसलाच नाही. एवढ्या मोठ्या माशाच्याही रकान्यात एके दिवशी नुसती रेघ येते.

मग त्या मे महिन्यात मी सभासद असतो तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर मीही अंगठा दिला असता. पोराची फी समोर असताना न जन्मलेल्यांचा विचार करायला सांगणं हा क्रूरपणा आहे. म्हणून दोष मी त्या ठरावाला देत नाही. पण त्या ठरावाचं फळ ज्याने खाल्लं त्याच्याकडे आता तीच सबब उरलेली नाही. गरिबाने मोडलेल्या गोष्टीची दुरुस्ती गरिबाच्याच खर्चाने व्हावी, असं तर म्हणता येणार नाही. ती माझ्याकडे वळते.

भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या ढिवर बाया-माणसांनी तलावातला बेशरम उपटला, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. म्हणजे वाट आहे. या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत मी विचारलं, की पेंड थांबवून वरच्या अंगाचा एक कोपरा देशी माशांसाठी राखायचा का? एका काकांनी विचारलं, "नुकसान कोण भरंल?" मी म्हणालो, पहिल्या वर्षाचं मी भरतो. सभा थोडी हसली, मग ठराव झाला. घरी येताना बाबा म्हणाले, "आन् दुसऱ्या वर्षाचं?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. एक्सेलमध्ये मात्र मी 'इतर'चा रकाना मोडून वेगवेगळ्या नावांचे रकाने केलेत. नावं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरतोय. आतापर्यंत अकरा झाली. सगळे रकाने रिकामे आहेत, पण शून्य कुठेही टाकलेलं नाही.