दक्षिणा कोणी द्यायची?

क्रूझ, म्हणजे समुद्रावरून फिरत्या हॉटेलातून केलेली सहल, विकत घेताना प्रवासभाडे, बंदराचे शुल्क आणि कर यांच्या जोडीला किमतीच्या तपशिलात आणखी एक ओळ असते, ती सेवकवर्गाच्या बक्षिसीची. ही रक्कम माणशी आणि रात्रीगणिक आकारली जाते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ती सर्वसाधारणपणे दररोज 16 ते 20 डॉलरच्या घरात असते आणि पुष्कळदा जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच भरून घेतली जाते. सुटायची तारीख जवळ आली की रिकाम्या राहिलेल्या केबिन घसघशीत सवलतीत विकल्या जातात, पण ही सवलत बक्षिसीच्या ओळीला लागू होत नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या कुटुंबाला सिंगापूरहून सुटणारी क्रूझ स्वस्तात मिळाली तरी चौघांच्या चार रात्रींची बक्षिसी पूर्ण दरानेच मोजावी लागते आणि मूळ भाड्याच्या मानाने ती डोईजड वाटते. ही तक्रार वरवर पैशाची दिसत असली तरी तिच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: सेवा घेतल्यावर संतोषाने द्यायची गोष्ट सेवेपूर्वीच ठरावीक दराने वसूल केली, तर तिला दान म्हणता येते का, आणि येत नसेल तर ती नेमकी काय असते?

या प्रश्नाचा विचार छत्रपती संभाजीनगरच्याच परिसरात फार बारकाईने झालेला आहे. शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवरच्या देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादेत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांच्या दरबारातील श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि त्याचा एक संपूर्ण भाग, दानखंड, केवळ देण्याघेण्याच्या मीमांसेला वाहिलेला आहे. मराठी माणसाला हेमाडपंत ठाऊक असतो तो मोडी लिपीच्या आणि दगडी देवळांच्या संदर्भात. दानाचा एवढा मोठा संग्राहक म्हणून त्याची आठवण फारशी काढली जात नाही, हे थोडे चमत्कारिकच आहे.

दानविषयक निबंधग्रंथांनी, म्हणजे विखुरलेली धर्मवचने विषयवार लावणाऱ्या ग्रंथांनी, देवल या स्मृतिकाराचे जे विवेचन आधाराला घेतले आहे, त्यात दानाची सहा अधिष्ठाने, म्हणजे माणूस ज्यांच्या पोटी देतो असे सहा हेतू, सांगितलेले आहेत: धर्म, अर्थ, काम, व्रीडा, हर्ष आणि भय. काही अपेक्षा न ठेवता पात्र व्यक्तीला दिलेले ते धर्मदान, काही काम साधायचे म्हणून दिलेले ते अर्थदान, आवडते काही पाहून वा ऐकून आनंदाच्या भरात दिलेले ते हर्षदान, निंदेच्या वा उपद्रवाच्या धास्तीने दिलेले ते भयदान. आणि व्रीडा म्हणजे लाज, चारचौघांत कोणी मागितले म्हणून नाइलाजाने कबूल केले ते व्रीडादान. या यादीचे वैशिष्ट्य असे की ती देणाऱ्याच्या मनाबद्दल कसलाही भाबडेपणा बाळगत नाही. हॉटेलात जेवण झाल्यावर बिलाचे पाकीट बडीशेप आणि खडीसाखरेच्या वाटीबरोबर टेबलावर येते, वेटर दोन पावलांवर पाणी ओतण्याच्या निमित्ताने रेंगाळतो, सोबतचा पाहुणा नजर दुसरीकडे वळवतो, आणि सुट्ट्या पैशांतली एक नोट पाकिटातच राहू दिली जाते. या क्रियेला कृतज्ञता म्हणण्यापेक्षा देवलाचा चौथा हेतू अधिक नेमका लागू पडतो. अजिंठ्याला लेण्यांच्या पायऱ्या चढवत नसलेल्या वृद्धांना खुर्चीच्या डोलीतून चार माणसे खांद्यावर वाहून नेतात. दर आधी ठरलेला असतो, तरीही डोली खाली टेकवल्यावर घामाघूम झालेले ते चौघे जरा थांबतात, आणि प्रवाशाच्या हाताला काही सुटते. तिथे लाज असते, हर्ष असतो, आणि आपल्या वजनाची जाणीवही असते. सहा हेतूंपैकी एकच निवडणे अवघड व्हावे असा तो प्रसंग आहे.

आगाऊ बक्षिसीत मात्र यांतला एकही हेतू उरत नाही. प्रवाशाने केबिन आवरणाऱ्याचे तोंड अजून पाहिलेले नसते, त्यामुळे हर्ष नाही. कोणी समोर उभे नसते, त्यामुळे लाज नाही. आणि देणे-न देणे हाती नसल्यामुळे धर्मही नाही. देवलाच्या मोजपट्टीने हे दान नव्हे, यात शंका नाही. पण दान नव्हे म्हणजे अन्याय, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे होईल, आणि सवलतीच्या तिकिटावर बक्षिसी आकारली म्हणून चिडणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते.

नारदस्मृतीने दिलेल्या द्रव्याचा विचार व्यवहाराच्या, म्हणजे न्यायालयीन वादाच्या, अंगाने केला आहे. परत मागता येत नाही अशा दिलेल्या द्रव्याचे तिने सात प्रकार केले आहेत, आणि त्यांत पण्यमूल्य म्हणजे वस्तूची किंमत, भृती म्हणजे मजुरी, आणि तुष्टी म्हणजे संतोषाने दिलेले, हे तिन्ही शेजारी-शेजारी पण वेगवेगळे मांडलेले आहेत. उलट भयाने, क्रोधाच्या वा शोकाच्या आवेगात, थट्टेत किंवा फसवणुकीने दिलेले ते न दिल्यासारखेच धरले आहे. आजच्या उपाहारगृहाच्या व्यवहारात हे तीन प्रकार तीन दिशांनी वाहतात. गिऱ्हाईक मालकाला किंमत देते, मालक नोकराला भृती देतो, आणि गिऱ्हाईक वाटल्यास नोकराला तुष्टी देते. गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रवाहाने दुसऱ्याचे काम करावे असे मालकाने ठरवले की. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेले आणि उपाहारगृहे यांना बिलात सेवाशुल्क आपोआप जोडण्यास किंवा दुसऱ्या नावाखाली ते वसूल करण्यास मनाई केली, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने उपाहारगृहांच्या संघटनांच्या याचिका फेटाळून त्या सूचना वैध ठरवल्या. तुष्टी सक्तीची करता येत नाही, हे नारदाला पटण्यासारखे तत्त्व त्यात आहे. नोकरांचे पगार भागत नसतील तर पदार्थांचे दर वाढवण्याची मालकाला मोकळीक आहेच, हा मुद्दाही त्या वादात पुढे आला होता, आणि मूळ प्रश्नाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

सक्तीचे, ठरावीक दराचे आणि काम संपण्यापूर्वी दिलेले देणे धर्मपरंपरेला अपरिचित नव्हते. ते होते यज्ञातल्या दक्षिणेत, आणि तिचा विचार मीमांसकांनी केला. पैठणच्या भट्ट घराण्यातले रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला जाऊन राहिले, आणि त्यांच्या वंशात नारायणभट्ट, ‘निर्णयसिंधू’ लिहिणारे कमलाकरभट्ट, दानावर स्वतंत्र ग्रंथ रचणारे नीलकंठभट्ट आणि शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट असे मीमांसक निपजले. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र; तिच्या लेखी ऋत्विजाला, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहिताला, दिलेली दक्षिणा हे पुण्यासाठी केलेले दान नाही. ती परिक्रय आहे, म्हणजे त्याचे श्रम काही काळापुरते विकत घेणे, आणि तिचे प्रयोजन आनती, म्हणजे त्याला कामाला अनुकूल करून घेणे, एवढेच आहे. आज देवळात पुजाऱ्याच्या ताटात पडणाऱ्या दक्षिणेभोवती जो भाविकपणा जमला आहे, त्यापुढे ही जुनी व्याख्या कोरडी वाटेल. पण तिच्यात सेवा करणाऱ्याचा मान अधिक राखला जातो, कारण घेणारा याचक ठरत नाही.

ज्योतिष्टोम या सोमयागाची दक्षिणा 112 गायींची सांगितली आहे. ती यज्ञ पार पडल्यावर खूश होऊन द्यायची नसते. दुपारच्या सोमसवनात, म्हणजे सोमरस काढण्याच्या मधल्या टप्प्यात, यज्ञ अजून बराच उरलेला असताना द्यायची असते. ती सोळा ऋत्विजांत समान वाटलीही जात नाही. चार मुख्य, चार अर्धे, चार तृतीयांशाचे आणि चार चतुर्थांशाचे मानकरी. मनुस्मृतीच्या टीकाकारांनी 100 गायी धरून हिशोब मांडला आहे, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला अनुक्रमे 12, 6, 4 आणि 3 गायी येतात. ही वाटणी धर्मशास्त्राने संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनी मिळून केलेला उद्योग, या प्रकरणात घातली आहे, आणि याज्ञवल्क्याने तोच नियम शेतकऱ्यांना व कारागिरांनाही लावला आहे. दक्षिणा आगाऊ मिळाल्यावर एखाद्या ऋत्विजाला काम सोडावे लागले तर काय, याचेही उत्तर मनूने देऊन ठेवले आहे: त्याने आपला वाटा पूर्ण घ्यावा, पण उरलेले काम दुसऱ्याकडून करवून द्यावे.

जहाजावरच्या बक्षिसीची रचना या वाटणीशी विलक्षण जुळते. गोळा झालेली रक्कम केबिन आवरणारा आणि जेवण वाढणारा यांच्यापुरती राहत नाही. बऱ्याच कंपन्यांत ती धुलाईघरात चादरी इस्त्री करणारे आणि स्वयंपाकघरात भांडी घासणारे यांच्यापर्यंत ठरावीक हिश्श्यांनी पोचते. हाती ठेवलेली नोट नेहमी दिसणाऱ्या माणसालाच मिळते, आणि दिसणाऱ्यांतही हसतमुख, इंग्रजी बोलणाऱ्या, क्वचित देखण्या माणसाला अधिक मिळते. सोमयागात सोम कुटण्याच्या दगडांची स्तुती म्हणणारा ग्रावस्तुत् चौथ्या प्रतीचा ऋत्विज असला तरी त्याचा वाटा यजमानाच्या, म्हणजे यज्ञ करवणाऱ्याच्या, लहरीवर सोडलेला नव्हता. म्हणून सक्तीची आगाऊ बक्षिसी ही ऐच्छिक बक्षिसीपेक्षा नैतिकदृष्ट्या खालची आहे, हे सामान्य मत टिकण्यासारखे नाही. दोहोंतली अधिक न्याय्य गोष्ट बहुधा तीच आहे.

तिच्यातला दोष वेगळ्या ठिकाणी आहे. मीमांसेचा आग्रह असा की ऋत्विजांनी हातांनी केलेल्या यज्ञाचे फळ यजमानाला मिळते ते त्याने परिक्रय केलेला असतो म्हणून; ज्याला फळ हवे त्याने दक्षिणा द्यायची. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात सगळे ऋत्विज स्वतःच यजमान असतात, सर्वांना फळ मिळते, आणि म्हणून तिथे दक्षिणाच नसते. (कामगारांच्या सहकारी संस्थांनी चालवलेली इंडियन कॉफी हाउसे तत्त्वतः या सत्राच्या जवळ जातात, तिथेही गिऱ्हाइके बक्षिसी ठेवतात, हा भाग निराळा.) या कसोटीवर जहाजाचा यजमान कोण? नोकर नेमते कंपनी, कामाचे तास ठरवते कंपनी, आणि नफा नावाचे फळही तिचेच. प्रवासी हा फार तर पाहुणा, आणि आपल्या आनंदाची किंमत त्याने तिकिटात मोजलेली असते. दक्षिणेचा भार पाहुण्यावर टाकणारा यजमान धर्मशास्त्राच्या कोणत्याही प्रकरणात बसत नाही.

यावर आक्षेप असा घेता येईल की पैसा शेवटी प्रवाशाच्याच खिशातून येतो, मग तो तिकिटात आला काय आणि वेगळ्या ओळीत आला काय, फरक कोणता? फरक जोखमीचा आहे. भृती हे कंपनीचे ऋण असते. केबिन निम्म्या रिकाम्या राहिल्या तरी ते फेडावे लागते. बक्षिसी मात्र प्रवाशांच्या संख्येबरोबर वाढते आणि घटते, म्हणजे धंद्यातल्या मंदीचा काही भाग चादरी बदलणाऱ्याच्या घरखर्चातून भागवला जातो. अमेरिकेच्या जमिनीवर याची कायदेशीर आवृत्ती आढळते: बक्षिसी मिळवणाऱ्या नोकराला मालकाने स्वतः द्यायचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थांबलेले आहे, आणि 7.25 डॉलरच्या सर्वसाधारण किमान वेतनापर्यंतची तूट गिऱ्हाइकांच्या बक्षिसीतून भरलेली चालते. जहाजे बहामा किंवा पनामाच्या निशाणाखाली फिरत असल्याने तिथे निशाणाच्या देशाचा कायदा मुख्यतः लागू होतो. 2006 च्या सागरी श्रम कराराने, ज्यात भारत 2015 मध्ये सामील झाला, वेतन दरमहा आणि पूर्ण चुकते करण्याचे बंधन घातले हे खरे; पण वेतन कशाला म्हणायचे हा प्रश्न त्याने मुळापासून सुटत नाही.

हा प्रश्न कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला परका नाही. गोव्यातले तारवटी, म्हणजे जहाजांवर खलाशी, आचारी आणि खानसामे म्हणून नोकरी करणारे, पिढ्यान्पिढ्या मुंबईत धोबीतलावच्या परिसरातल्या आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहांत, उतरून पुढच्या जहाजाची वाट पाहत आले. घरी पाठवायच्या पैशात पगार किती आणि बक्षिसी किती, हा भेद त्यांच्या बायकामुलांच्या लेखी महत्त्वाचा नसेल. निवृत्तिवेतनाचा किंवा अपघाताच्या भरपाईचा हिशोब पगारावर मांडला जातो तेव्हा मात्र तो एकाएकी महत्त्वाचा होतो.

सवलतीचे तिकीट घेणाऱ्याची बाजू या सगळ्यात कुठे बसते, हे आता सांगता येते. भाड्यातली सूट कंपनीने आपल्या रिकाम्या केबिनसाठी दिलेली असते. केबिन आवरणाऱ्याचे श्रम मात्र पूर्ण भावाच्या प्रवाशासाठी जेवढे, तेवढेच त्याच्यासाठीही होतात, आणि म्हणून बक्षिसीच्या ओळीला सूट न मिळणे योग्यच आहे. भाड्याशी तिचे प्रमाण काढून तिला महाग ठरवणे म्हणजे स्वस्तात घेतलेल्या भांड्यात शिजवलेला भातही स्वस्त असावा असे म्हणण्यासारखे आहे. त्याची रास्त तक्रार एवढीच की किंमत जाहीर करताना ही रक्कम बाहेर ठेवून आकडा लहान दाखवला गेला. काही कंपन्या प्रवासाच्या अखेरीस स्वागतकक्षात अर्ज केल्यास आकारलेली बक्षिसी कमी करून किंवा काढून देतात, आणि तत्त्वाचा प्रश्न म्हणून हा मार्ग धरणारे प्रवासीही असतात. नारदाच्या भाषेत ते तुष्टी नाकारत असतात. प्रत्यक्षात कापली जाते ती भृती, आणि तीही कंपनीची नव्हे तर धुलाईघरातल्या माणसाची. तक्रार तिकिटाच्या छापील किमतीविरुद्ध नोंदवावी आणि ती ओळ मात्र भरावी, हेच यातून निघते. तिच्यावर, सात रात्री नाव लक्षात ठेवून मुलाला दूध कोमट करून देणाऱ्या वाढप्याच्या हाती शेवटच्या दिवशी कोणी पाकीट ठेवले, तर ते देवलाच्या यादीतल्या पाचव्या हेतूत बसते आणि त्याला कोणत्याही मार्गदर्शक सूचनेची अडकाठी नाही.