न पाहिलेले मरण



मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर किंवा मयताच्या घरी पडवीत एखाद्या संशयास्पद मृत्यूची गोष्ट निघते आणि पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘आत्महत्याच ती.’ दुसरा म्हणतो, ‘छे, मारलंय.’ ज्याने पेपरचा फक्त मथळा वाचलेला असतो, तो तिसरा सर्वांत ठामपणे बोलतो. हा तिसरा पुष्कळदा आम्हीच असतो, म्हणून हा विषय घेण्याचे धाडस करतो आहोत. जे मरण आपण पाहिले नाही, त्याविषयी मत बनवण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे? आणि काहीच बोलायचे नाही असे ठरवले, तर ते नेहमी पुण्याचेच असते का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या घरातला आहे. २७ मार्च १९९२ रोजी केरळमधील कोट्टायम येथे एका कॉन्व्हेंटच्या विहिरीत सिस्टर अभया या तरुण धर्मभगिनीचा मृतदेह सापडला. ती कॉलेजात शिकत होती. परीक्षा होती म्हणून पहाटे अभ्यासाला उठली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे तिची एक चप्पल, डोक्यावरचे वस्त्र आणि पाण्याची बाटली सापडली. स्थानिक पोलिसांनी आणि त्यांच्यामागून क्राइम ब्रँचने ही आत्महत्या असल्याचा निष्कर्ष काढला. घरच्यांना तो पटला नाही. तिच्या संघातील सिस्टरांनीही मुख्यमंत्र्यांकडे अर्ज केला. १९९३ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. तेथील एका अधिकाऱ्याचे मत पडले की हा खून आहे. आत्महत्या म्हणावे यासाठी वरून दबाव येतो, असा आरोप करून त्याने मुदतीआधीच नोकरी सोडली. तपास बंद करावा असे अहवाल सीबीआयने एकाहून अधिक वेळा दिले आणि न्यायालयाने ते परत पाठवले. २००८ मध्ये अटका झाल्या. २२ डिसेंबर २०२० रोजी तिरुवनंतपुरमच्या विशेष न्यायालयाने एक धर्मगुरू व एक धर्मभगिनी यांना खुनाबद्दल दोषी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी जन्मठेप सुनावली. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय लागेपर्यंत ती शिक्षा स्थगित करून दोघांना जामीन दिला. त्यामुळे दोषी कोण, याचा निवाडा आम्ही या पानावर करणार नाही. आम्हाला त्या पहिल्या शब्दाविषयी बोलायचे आहे: आत्महत्या.

हा शब्द किती सोयीचा आहे पाहा. तो उच्चारला की कोणाला काही विचारायचे राहत नाही. दार बंद होते, आणि सगळा भार ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगावर पडतो. आपल्यातल्या कित्येक भल्या माणसांनी त्या वर्षांत हेच म्हटले असणार की, ‘कशाला उकरून काढायचे? ख्रिस्तसभेची बदनामी होते.’ आम्हीही तेव्हा असेच काहीसे म्हटले असते, याची आम्हाला खात्री आहे. पण पुरावा नसताना एखाद्या मृत मुलीविषयी ‘तिने जीव दिला’ असे म्हणणे ही तिच्याविरुद्ध दिलेली साक्षच आहे. आठवी आज्ञा फक्त जिवंत शेजाऱ्यापुरती आहे असे आम्हाला कोणी धर्मशिक्षणात शिकवलेले नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या खटल्यातील एक महत्त्वाचा साक्षीदार चोर होता. विजेपासून संरक्षण देणाऱ्या सळीचे तांबे चोरायला तो त्या रात्री कॉन्व्हेंटमध्ये शिरला होता. न्यायालयाने त्याची साक्ष ग्राह्य धरली. कालवारीवर उजव्या हाताला कोण होता, हे वाचकांना आठवत असेलच.

आता उलट बाजू. १४ जून २०२० रोजी वांद्र्याच्या घरी अभिनेता सुशांत सिंह राजपूत मृतावस्थेत आढळला. मुंबई पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. पण लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या देशाला ते पुरेसे वाटले नाही. टीव्हीवर रोज रात्री खटला चालू लागला. त्याच्या मैत्रिणीला लोकांनी आधी खुनी ठरवले आणि मग पुरावा शोधायला निघाले. अमली पदार्थांच्या वेगळ्या प्रकरणात ती जवळजवळ महिनाभर तुरुंगात राहिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता नाकारली, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, वाहिन्यांच्या अशा खटल्यांवर मुंबई उच्च न्यायालयाला कडक शब्दांत बोलावे लागले. ज्यांनी त्या मुलीला शिव्या दिल्या, त्यांच्यापैकी किती जणांनी क्षमा मागितली?

खून आहे असे वाटणे आपल्याला एवढे का आवडते? आम्हाला वाटते, खुनात खुनी असतो. बोट दाखवायला जागा असते. आत्महत्येत ती नसते, किंवा थोडी थोडी सगळ्यांकडे असते, आणि ते सोसवत नाही. शिवाय आपल्या लोकांत जुनी लाजही आहे. १९१७ च्या धर्मकायद्याप्रमाणे जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले जात असे. १९८३ च्या कायद्यात ती बंदी राहिली नाही. १९९२ सालच्या, म्हणजे अभया गेली त्याच वर्षाच्या, धर्मशिक्षणग्रंथात तर मनाच्या गंभीर आजारामुळे किंवा तीव्र भीतीमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे सांगितले आहे. पण कायदा बदलला म्हणून घरातली कुजबुज थांबत नाही. आजही एखाद्या घरी ‘अटॅक आला’ असे सांगतात, आणि ऐकणारेही मान हलवतात. ज्या आईला मुलाने जीव दिला हे म्हणवत नाही, तिने ‘त्याला कोणीतरी मारले’ असे धरून ठेवले तर तिला आम्ही दोष देणार नाही. तिच्या दुःखावर पोळी भाजणाऱ्यांना मात्र देऊ.

मग करायचे काय? दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची गोष्ट घ्या. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी आरोप केला आणि लोकांनी विश्वास ठेवला, केवळ ते वडीलधारे होते म्हणून. तरुण दानिएल मध्ये पडला, पण त्याने नुसता आरडाओरडा केला नाही. त्याने दोघांना वेगळे केले आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघांनी दोन झाडे सांगितली. आम्हाला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की दानिएलने उत्तर ऐकून घेतले. दोघांनी एकच झाड सांगितले असते तर?

आपल्याकडे अनैसर्गिक मरण झाले की पोलिसांना पंचनामा करावा लागतो, आणि त्यासाठी आसपासच्या प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे असे कायदा सांगतो. ही दानिएलचीच जागा आहे. पण हवालदार दारात आला की आपल्याला अचानक मार्केटात काम निघते. कोर्टाच्या खेपा नकोत, सही नको. आणि संध्याकाळी नाक्यावर निकाल आपणच देतो. आम्ही हे दुसऱ्यांना म्हणत नाही. स्वतःला ओळखून लिहितो आहोत.

तरीही सगळे सुटले असे नाही. अभयासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, अर्ज केले, त्यांनीही न्यायालयाच्या आधी बोटे दाखवली होतीच. ते गप्प बसले असते, तर फाइल १९९३ मध्येच कपाटात गेली असती. मग वांद्र्याच्या बाबतीत ओरडणारे चूक आणि कोट्टायमचे बरोबर, हे निकाल हातात आल्यावर म्हणणे सोपे आहे. त्या दिवशी कसे ओळखायचे? एवढे दिसते की कोट्टायमच्या माणसांनी आपला वेळ आणि पैसा घातला, शत्रुत्वे ओढवून घेतली आणि न्यायालयाचे दार ठोठावत राहिले. दुसऱ्या बाबतीत बहुतेकांना फक्त रिमोट हातात घ्यावा लागला. हा फरक पुरेसा आहे का, याबद्दल आम्हाला अजून शंका आहे. वाचकांनी यावर आम्हाला जरूर लिहावे.

सिस्टर अभयाचे आईवडील, थॉमस आणि लीलाम्मा, पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते की आमची मुलगी जीव देणारी नव्हती. न्यायालयाने ते मान्य केले तेव्हा दोघेही हयात नव्हते.