युक्तीची वैधता आणि हेतूची सत्यता

अनुमानास प्रमाण म्हणताना शास्त्रकारांस केवळ वाक्यांची सुसंगत मांडणी अभिप्रेत नसते. 'जे जे पाषाण ते ते सजीव. हा स्तंभ पाषाण आहे. म्हणून हा स्तंभ सजीव आहे' या युक्तीत मांडणीचा दोष काढता येणार नाही. आधारवाक्ये मान्य केली की निष्कर्ष नाकारता येत नाही. पाश्चात्य तर्कशास्त्र अशा युक्तीस वैध म्हणते. परंतु वैध युक्तीची सर्व आधारवाक्ये सत्यही असतील, तेव्हाच ती प्रमाणभूत होते.

नैयायिकांनी ही दोन अंगे अशी वेगळी काढली नाहीत. अनुमान यथार्थ ज्ञानासाठी असल्यामुळे, हेतू पक्षावर नसेल तर ते त्यांच्या दृष्टीने हेत्वाभासातच जमा. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातील स्वरूपासिद्धाचे उदाहरण मार्मिक आहे: शब्द हा गुण होय, कारण तो नेत्रांस दिसतो. शब्द गुण आहे हे नैयायिकांस मान्यच आहे. तथापि तो नेत्रांस दिसत नाही, कानांस ऐकू येतो. साध्य सत्य, हेतू मात्र असिद्ध. यास्तव प्रतिपक्षाचा हेतू खोडला म्हणजे त्याचे साध्यही असत्य ठरले, असे समजणारा वादी उतावीळ होय.

हा विवेक सुटला तर काय घडते, हे स्पेनमधील वायादोलिद नगरीच्या वादसभेत दिसले. १५५०-५१ मध्ये भरलेल्या त्या सभेपुढे अमेरिकेतील मूळ रहिवाशांना शस्त्रबळाने अंकित करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न होता. ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्राचा लॅटिन अनुवादक सेपुल्वेदा याने त्याच तत्त्ववेत्त्याचा आधार घेतला. त्याच्या युक्तीचा सारांश असा: ज्यांस स्वबुद्धीने हिताहित ठरविता येत नाही, त्यांनी बुद्धिमंतांच्या सत्तेखाली राहावे, हे लोक तसे आहेत, म्हणून त्यांनी स्पेनच्या सत्तेखाली राहावे. युक्ती वैध आहे. तर्कशास्त्राचा पाया घालणारा ॲरिस्टॉटल स्वतःच निसर्गतः दास असणारी माणसे आहेत असे मानीत होता, हेही येथे विसरू नये.

बार्तोलोमे दे लास कासास या संन्यस्त बिशपाने मुख्यतः दुसऱ्या आधारवाक्यावरच बोट ठेवले. त्या लोकांची नगरे, राज्यव्यवस्था, कलाकौशल्य यांचे त्याने सविस्तर वर्णन केले. बुद्धिहीन मनुष्य क्वचित आढळेल, पण अखंड जनसमूह तसा असणे निसर्गक्रमास धरून नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. तो १५०२ मध्येच अमेरिकेत पोहोचला होता. सेपुल्वेदाने तर त्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते. व्याप्ती ग्रंथातून उचलता येईल. हेतू पक्षावर आहे की नाही, हे मात्र डोळ्यांनीच पाहावे लागते. ग्रंथपारंगत पंडित येथेच फसतात, आणि युक्तीच्या डौलामुळे ऐकणारेही फसतात.

परीक्षकांनी स्पष्ट निर्णय दिलाच नाही, आणि दोन्ही पक्षांनी आपलाच जय सांगितला. लास कासासविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. अमेरिकेतील लोकांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून आफ्रिकेतील दास आणावेत, अशी सूचना त्याने पूर्वी केली होती. त्या दासांविषयीचा हेतू त्याने तेव्हा तपासला नव्हता. पुढे त्यांनाही अन्यायानेच पकडले जाते हे त्यास कळले, आणि तो पश्चात्ताप त्याने आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवला.