पत्रिकेतलं प्रारब्ध, हातातलं क्रियमाण

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘लघुजातका’त ज्योतिषाचं काम सांगून ठेवलं आहे: अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो, तसं हे शास्त्र पूर्वजन्मीच्या कर्माचं फळ दाखवतं. म्हणजे ग्रह काही घडवत नाहीत.

परंपरेत कर्म तीन प्रकारचं. साठलेलं ते संचित, त्यातलं फळाला आलेलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतंय ते क्रियमाण. पत्रिकेत दिसतं ते प्रारब्ध, असं मानतात. ते कधी फळेल, हे दशांवरून, म्हणजे एकेका ग्रहाला दिलेल्या कालखंडांवरून मोजतात. त्यातल्या विंशोत्तरी दशेचं चक्र १२० वर्षांचं. जन्मवेळी चंद्र रोहिणी नक्षत्राच्या मध्यावर असेल, तर चंद्राच्या दशेची ५ वर्षं उरतात. पुढे मंगळ ७, राहू १८, गुरू १६ आणि मग सेहेचाळिसाव्या वर्षी शनी. गणित चोख आहे. पण त्या वर्षी माणूस नोकरी सोडेल की नवं काही शिकेल, हे गणितात नाही.

जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या, प्रत्येकी ४०. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नुसत्या अंदाजानेही निम्मी बरोबर यावीत!

तरीही मंगळ आहे म्हणून चांगली स्थळं आजही परत जातात, हे फार वाईट आहे. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं. बारापैकी तब्बल पाच स्थानांतला मंगळ दोषाचा धरतात. शिवाय नकार कळवतात ती घरातली माणसं, आणि ते त्यांचं क्रियमाण असतं.